कुमुदच्या गावच्या विहिरी

कुमुदच्या गावात वर्षातून एकदा, जुलैत, विहिरींना फुलं वाहतात. वाहतात म्हणजे पाण्यात टाकत नाहीत. दरवाजाएवढ्या लाकडी फळ्यांवर ओली माती थापतात, तिच्यावर एकेक पाकळी चिकटवून चित्र काढतात आणि त्या फळ्या विहिरीमागे उभ्या करतात. आठवडाभर ते चित्र राहतं. मग माती सुकते, भेगा पडतात आणि सगळं खरवडून टाकतात. हे पाहायला मी गेले नव्हते. मी कुमुदला आणायला गेले होते.

कुमुद माझी धाकटी बहीण, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. माझी चौथी झाली तेव्हा आईचा दमा वाढला होता आणि कुमुद दोन वर्षांची होती. तिला कडेवर घ्यायला घरात कोणी तरी हवं होतं, म्हणून माझी शाळा सुटली. ती मात्र शिकली, नर्स झाली, तिला डॉक्टर नवरा मिळाला आणि दोघं इंग्लंडला गेली. डोंगरातल्या एका लहान गावात, तिथल्या छोट्या दवाखान्यात दोघांनी नोकरी केली आणि तिथंच राहिली. डॉक्टरांना जाऊन आता तीन वर्षं झाली. मुलगी निशा वॉटफर्डला असते. कुमुद एकटी.

माझ्या मनात कितीतरी वर्षं एकच गोष्ट होती. म्हातारपणी आम्ही दोघी देवरूखच्या घरी मागच्या पडवीत बसलो आहोत, पुढ्यात सूप आहे आणि भांडत भांडत भाजी निवडतो आहोत. याहून जास्त काही मी मागितलं नव्हतं. फोनवर तिला म्हटलं, "आता ये इकडे." ती म्हणाली, "आधी तू एकदा ये, अक्का. मग समोरासमोर बोलू." म्हणून गेले. आता परत येऊन दोन महिने झाले. विसरायच्या आत लिहून ठेवते आहे. जे गेलेले नाहीत त्यांनाही समजावं असा प्रयत्न आहे, पण वही कोणाच्या हातात द्यायची की नाही ते अजून ठरवलेलं नाही.

वॉटफर्ड

निशा विमानतळावर घ्यायला आली होती. तिला मी शेवटची पाहिली तेव्हा ती पाच वर्षांची होती, नंतर फोनमध्येच. आता चाळिशीला आली. मला मिठी मारून म्हणाली, "मावशी, तुझा बॅग किती हेवी आहे! काय भरलास त्यात?"

बॅगेत कुळथाचं पीठ होतं, कोकमं होती, फणसाची साठं होती आणि पोह्याचे पापड. निशाला सगळे मराठी शब्द येतात, फक्त कोण तो आणि कोण ती याचा तिला पत्ता नसतो. मला ते ऐकायला गोड वाटायचं. इतक्या लांब जन्मलेल्या मुलीनं आपली भाषा कशीबशी का होईना धरून ठेवली, हेच खूप.

दुसऱ्या दिवशी ती मला वेम्बलीला घेऊन गेली. तिथं गेल्यावर आपण परदेशात आलो आहोत हे विसरायला होतं. रस्ताभर साड्यांची दुकानं, गुजराती पाट्या, फुटपाथवर मांडलेल्या मेथीच्या जुड्या, कारली, शेवग्याच्या शेंगा. अळूही होतं. पण पानं शिळी होती, कडा पिवळ्या पडलेल्या. कुमुदला अळूवडी करून घालायची फार इच्छा होती, तरी हातात घेऊन परत ठेवलं.

घरी चहा पिताना निशा गंभीर झाली.

"मावशी, आईला तू सांग. मी सांगितला की फोन ठेवते. त्या घरात सतरा पायऱ्या आहे. लास्ट विंटरला ती पडली, मला सांगितली पण नाही. शेजारच्या जोननं सांगितला."

"पडली? मलाही नाही बोलली."

"कोणालाच नाही. शी इज सो स्टबर्न! माझा खोली रिकामा आहे, लिफ्ट आहे, पण नको म्हणते. मग तुझ्याबरोबर इंडियाला जाऊ दे. आय डोन्ट माइंड. पण एकटी नको."

मी सांगितलं, की माझ्या मुलानं मागची खोली रंगवून घेतली आहे, सुनेनं पडदे शिवले आहेत.

"मग विचारशील ना? प्रॉमिस?"

"अगं, तेवढ्यासाठीच तर आलेय," मी म्हटलं.

थॉर्नवेल

वॉटफर्डहून गाडीनं तीन तास लागले. मोठा रस्ता सोडून डोंगरात शिरलो आणि मला एकदम ओळखीचं वाटू लागलं. शेतांभोवती आपल्यासारखेच गडगे. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड रचलेला. आपला दगड तांबडा, त्यांचा राखाडी, एवढाच काय तो फरक. गडग्यांच्या आत मेंढ्या, आणि प्रत्येक मेंढीच्या पाठीवर निळा ठिपका, मालकाची खूण म्हणून. माणूस मात्र मैल मैल दिसत नाही.

कुमुदचं हे थॉर्नवेल उतारावर वसलेलं आहे. मधोमध बाजाराचा चौक, पण बाजार आठवड्यातून एकदाच. एक चर्च, एक बेकरी, एक खाटीक, आणि किराणा दुकानाच्या कोपऱ्यात पोस्ट. घरं सगळी दगडी, खिडक्या लहान, दारं ठेंगणी. काही दारांवर बांधल्याचं साल कोरलेलं आहे आणि त्या घरांत अजून माणसं राहतात, पडदे लावतात, मांजरं पाळतात. टेलिफोनच्या जुन्या लाल खोक्यात आता पुस्तकं ठेवली आहेत. हवं ते न्यायचं, वाचून झालं की आणून ठेवायचं. कुलूप नाही. चर्चच्या आवारात थडगी आहेत. कुमुद म्हणाली, त्यावर जी आडनावं आहेत तीच गावातल्या दुकानांवर आहेत. शेकडो वर्षं तीच घराणी.

कुमुद फाटकाशीच उभी होती. चौदा वर्षांनी भेटत होतो.

"आलीस एकदाची! केवढी वाळलीस गं, अक्का."

"आणि तू केवढी पसरलीस."

मग दोघी रडलो. निशा बॅगा घेऊन मागे उभी राहिली. चहा पिऊन ती त्याच दिवशी परतली, जाताना माझ्याकडे बघून भुवया उंचावून गेली. मला समजलं. पण पहिल्याच दिवशी कसं विचारायचं?

दुसऱ्या दिवशी पोस्टात गेलो. तिथल्या बाईनं मला हसून काही म्हटलं. त्यातला एकच शब्द मला कळला आणि तो होता बदक. बाहेर आल्यावर कुमुदला विचारलं, ही मला बदक का म्हणाली?

"इथं सगळे सगळ्यांना म्हणतात. माया असते त्यात. मला चाळीस वर्षं म्हणतायत."

"तुला शोभतं. चालतेस तशीच."

घर ते पोस्ट पाच मिनिटांची वाट, पण जाऊन यायला तास लागला. खाटकानं दारात येऊन तिच्या गुडघ्याची चौकशी केली. एका म्हातारबुवांनी तिला आपल्या औषधाची चिठ्ठी वाचायला दिली. एक तरुण बाई बाळ घेऊन थांबली आणि कुमुदनं बाळाचे पाय दाबून पाहिले. मी बाजूला उभी राहून हसत होते, कारण दुसरं काही येत नव्हतं. देवरूखात मी बाजाराला जाते तेव्हा पिशवी भरून दहा मिनिटांत परत येते. मला कोणी थांबवत नाही.

तिसऱ्या दिवशी कुमुद कुठल्याशा मीटिंगला गेली. मी परसात गेले, तर कोपऱ्यात अळूचा वाफा! हाताएवढी रुंद पानं, तांबूस देठ, तजेलदार. वेम्बलीचं ते शिळं अळू आठवलं आणि वाटलं, हिच्या दारात एवढं असताना ही बोलली कशी नाही. दहा पानं खुडली, शिरा लाटून घेतल्या, बेसनात चिंच गूळ कालवून लावलं, वळकट्या केल्या आणि वाफवायला ठेवल्या. तेवढ्यात कुमुद आली.

"काय करतेयस?"

"अळूवडी."

"अळू कुठून आणलंस?"

मी खिडकीतून वाफा दाखवला. तिनं उडी मारून गॅस बंद केला आणि अख्खं पातेलं कचऱ्यात उपडं केलं.

"अगं, ते रुबार्ब आहे! विष असतं त्या पानांत! देठ खातात, पानं नाही."

"देठ खायचे आणि पानं विषारी? ही कसली भाजी?"

"आहे अशी." मग खुर्चीत बसून ती इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं. "एवढ्या लांबून येऊन बहिणीला मारायला निघालीस!"

त्याच दिवशी तिनं त्या देठांची लसूण घालून भाजी केली. आंबट, आपल्या अंबाडीसारखी. "चाळीस वर्षं मी हिलाच अंबाडी म्हणते," ती म्हणाली. चव खरंच जवळ जाते. पण जवळ जाते आणि थांबते. भांडी विसळताना ती म्हणाली, "तू आल्यापासून घसा दुखतोय माझा. इतकं मराठी कित्येक वर्षांत बोलले नाही. एरवी बोलते ती भांड्यांशी."

तेव्हाच विचारायला हवं होतं. शब्द अगदी जिभेवर आले होते. पण फोन वाजला. जोनचा होता. माती मळून तयार आहे, म्हणाली.

शेड

गावात पाच विहिरी आहेत. विहिरी म्हणजे आपल्यासारख्या खोल नव्हेत. डोंगरातून झरा येतो आणि दगडी कुंडीत पडतो. घरोघरी नळ आहेत, झऱ्याचं पाणी आता कोणी भरत नाही. पण कधी काळी मोठा दुष्काळ पडला होता, आसपासचं सगळं आटलं आणि या गावचे झरे चालू राहिले, असं सांगतात. त्याची आठवण म्हणून ही फुलं. मला आमची विहीर आठवली. तिच्यावर मोटार बसली तेव्हापासून मी तिच्यात वाकून पाहिलेलं नाही. मे महिन्यात टँकर आला की पाणी कमी झालं एवढं कळतं.

फळ्या आधी चार दिवस नदीत भिजत घालतात. माती बूट घालून पायांनी तुडवतात, सुकू नये म्हणून मीठ घालतात. आमच्याकडे गणपतीच्या कारखान्यात मळलेली असते तशी ती लोण्यासारखी होते. चित्र मोठ्या कागदावर काढलेलं असतं. तो कागद मातीवर पसरून रेघांवर टोचणीनं भोकं पाडतात, की खाली ठिपके उमटतात. हे पाहून मला धीर आला. ठिपके मला समजतात. रेघांवर कॉफीच्या बिया आणि छोटी सुकी बोंडं बसवतात आणि मग पाकळ्या. झाडावेलींचं असेल तेवढंच वापरायचं, माणसानं बनवलेलं काही नाही, असा नियम.

एका शेतकऱ्याच्या मोठ्या शेडमध्ये वीसेक माणसं स्टुलांवर बसली होती. बायका जास्त, पण दाढीवाले पुरुषही पाकळ्या वेचत होते. मधल्या फळीवर गावचा जुना पूल, खाली नदी, वर आभाळ. चित्र जोनचं. जोन म्हणजे कुमुदच्या शेजारची ऐंशीच्या घरातली बाई, उंच, थोडी वाकलेली, पूर्वी शाळेत शिकवायची. तिच्या आजोबांपासून हे काम त्यांच्या घरात आहे.

कुमुदनं माझी आधीच जाहिरात केलेली होती. माझी बहीण देवळात रांगोळी काढते, आर्टिस्ट आहे. सगळ्यांनी मान वळवून पाहिलं. मला कुठं लपू असं झालं. जोननं मला आभाळाचा एक तुकडा दिला आणि निळ्या फुलांचे गुच्छ, हायड्रेंजिया म्हणतात ते.

मी कामाला लागले. रांगोळी मधून सुरू करतात, म्हणून मी मधून सुरू केलं. मधून गोल गोल बाहेर, पाकळीवर पाकळी. हात चालायला लागल्यावर लाज गेली. वीतभर आभाळ भरलं. आजूबाजूला शांतता होती, फक्त पावसाची भुरभुर पत्र्यावर. जोन मागे येऊन उभी राहिली. "लव्हली," म्हणाली. "लव्हली." आणि गेली. मग आणखी एक बाई आली, तीही लव्हली म्हणाली आणि गेली. मला आनंद झाला.

कुमुद आपल्या स्टुलावरून उठून आली आणि तिनं कपाळाला हात लावला.

"अक्का, हे सगळं काढावं लागणार."

"का? आत्ताच दोघी छान म्हणून गेल्या."

"त्या तसंच म्हणतात. अगं, खालून वर यायचं असतं. वरची पाकळी खालचीवर चढली पाहिजे. नाही तर पाऊस पाकळ्यांच्या मागं शिरेल आणि सगळं आभाळ घसरेल. घरावर कौलं कशी घालतात? वळचणीपासून वर ना?"

कौलांच्या घरात माझा जन्म गेला. मला राग आला तो त्याचाच. "मग आधी सांगायचंस ना!"

"मला वाटलं, तुला माहीत असेल. सगळ्यांना माहीत असतं."

ती सहज बोलून गेली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. मी त्या वीस माणसांकडं पाहिलं. या सगळ्यांना माहीत होतं. कुमुदच्या बोलण्यातल्या सगळ्यांमध्ये ही माणसं होती आणि मी पाहुणी होते. तिनं ते मला लागावं म्हणून म्हटलं नव्हतं, म्हणूनच ते मला इतकं लागलं.

मी चिमट्यानं पाकळ्या काढायला बसले. थोड्या वेळानं शेजारी स्टूल सरकलं. जोन होती. ती माझ्याबरोबर पाकळ्या काढू लागली. तिची बोटं सांध्यांत वाकडी झालेली, चिमटा दोनदा हातून पडला. तिनं मला एक हात दुसऱ्या हातावर ठेवून दाखवलं, वरचा खालच्यावर. मी मान हलवून म्हटलं, "कौलं." तिनं भुवया वर केल्या. "कौलं?" मी बोटानं शेडचं छप्पर दाखवलं. तिला समजलं, ती एवढी खूश झाली की शेजारच्या दाढीवाल्यालाही कौलं म्हणून सांगितलं.

दोन दिवस आम्ही दोघींनी मिळून ते आभाळ भरलं. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला येत नाही, आणि एकदाही अडलं नाही.

विहिरीपाशी

शनिवारी फळ्या उभ्या केल्या. माझ्या पर्समध्ये हळदकुंकवाची डबी होती. आपल्याकडे विहिरीची ओटी भरतात, निदान हळदकुंकू तरी वाहावं, असं मनात आलं. कुमुदला विचारलं. तिनं जोनला विचारलं. जोननं डबी उघडून वास घेतला, बाकीच्या दोघातिघांना दाखवली, त्यांचं बराच वेळ बोलणं झालं.

"हळद चालेल," कुमुद येऊन म्हणाली. "मुळापासून होते ना, म्हणून. कुंकवाचं कमिटीला विचारावं लागेल."

"देवालाही कमिटी लागते का इथं?"

"देवाला नाही. विहिरीला."

कुंडीच्या दगडाला मी हळदीचं एक बोट लावलं. कोणी हसलं नाही.

मग मिरवणूक निघाली. पुढं पितळी वाजंत्री, मागं पाद्री. ती बाई होती, पांढऱ्या झग्याखाली चिखलाचे बूट. तिच्या मागे अख्खं गाव. एकेका विहिरीपाशी थांबायचं, ती पाण्याला आशीर्वाद द्यायची, सगळ्यांनी गाणं म्हणायचं. तिसऱ्या विहिरीपाशी पाऊस आला, चांगलाच. कोणी पळालं नाही. छत्र्या उघडल्या आणि गाणं चालूच. हातातले गाण्याचे कागद भिजून मऊ झाले, लोक अडखळू लागले. कुमुदच्या हातात कागदच नव्हता. तिला ते पाठ होतं. ती पावसात मान वर करून म्हणत होती, जशी लहानपणी आरती म्हणायची, बाकी सगळ्यांच्या पुढे एक ओळ.

मी गाणं ऐकत नव्हते. मी मधल्या फळीवरच्या आभाळाकडं बघत होते. पाणी वरच्या पाकळीवरून खालच्या पाकळीवर, तिथून आणखी खालच्या, असं उतरत होतं आणि पुलावरून नदीत आणि नदीतून कुंडीत पडत होतं. एकही पाकळी हलली नाही.

पुढचे सात दिवस मी रोज ठरवत होते, आज विचारीन. नाश्त्याला ठरवलं, फिरायला जाताना ठरवलं, तिचं गुडघ्याचं तेल चोळताना ठरवलं. एकदा मी म्हटलं, "कुमे." ती म्हणाली, "काय गं?" मी म्हटलं, "काही नाही, साखर संपलीय." त्या बाबतीत मी लहानपणापासून अशीच आहे. पण या वेळी नुसती भीड नव्हती. ती नाही म्हणेल ही भीती होतीच. आणि ती हो म्हणाली तर काय, याचीही भीती वाटू लागली होती.

उतरवण्याचा दिवस

आठव्या दिवशी फळ्या शेडमध्ये परत आणल्या. निळं आभाळ आता तपकिरी झालं होतं, मातीला बोट जाईल एवढ्या भेगा. सगळे खुरपी घेऊन खरवडायला लागले. एवढी मेहनत, आणि कोणाच्या तोंडावर दुःख नाही. आपल्या विसर्जनात निदान डोळे भरून येतात.

काम संपत आलं तेव्हा जोननं आपली टोचणी काढली. ठिपके पाडायची, लाकडी मुठीची. ती कुमुदच्या पुढं धरली आणि बोलू लागली. सगळ्यांनी खुरपी खाली ठेवली. तिनं आपली वाकडी बोटं वर करून दाखवली, तेवढ्यावरून मलाही कळलं. तिला आता होत नाही. पुढच्या वर्षीचं चित्र, टोचणं, माणसं जमवणं, सगळं कुमुदनं घ्यावं, हे नेमके शब्द मला नंतर कुमुदकडून कळले. तिच्या घराबाहेर ते पहिल्यांदाच जात होतं.

कुमुदनं टोचणी घेतली नाही. ती माझ्याकडं वळली. वीस माणसांसमोर, मराठीत.

"काय सांगू हिला, अक्का?"

म्हणजे तिला माहीत होतं. मी कशाला आले, रोज काय गिळत होते, सगळं माहीत होतं. आता मी नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी ती माझ्याबरोबर निघाली असती. तिच्या डोळ्यांत ते दिसत होतं. आणि दुसरंही काही दिसत होतं. लहानपणी जत्रेत पाळण्यापाशी उभी राहून ती माझ्याकडं बघायची, बसू का म्हणून तोंडानं न विचारता, तसं.

मला इंग्रजी येत नाही. चारचौघांत मराठीही येत नाही. मी जोनकडं गेले, तिच्या हातातली टोचणी घेतली आणि म्हटलं, "येस. कुमुद डू. एव्हरी इयर."

टाळ्या वाजल्या. मी टोचणी कुमुदच्या हातात ठेवली.

आम्ही घरी निघालो. चढावर कुमुद फुटली.

"माझ्या वतीनं हो म्हणणारी तू कोण?"

"तुझी अक्का."

घरात शिरलो. पायऱ्यांच्या मध्यावर ती कठड्याला धरून थांबली, दम घ्यायला.

"तू विचारलं असतंस तर आले असते मी. खरंच आले असते."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय? आली असतीस, आणि दर जुलैत माझ्याकडे पाठ करून बसली असतीस."

ती रडली नाही, मीही नाही. तिनं माझा दंड धरला आणि राहिलेल्या पायऱ्या आम्ही चढलो.

एक गोष्ट मात्र मी हट्टानं करून घेतली. निशा न्यायला आली त्या सकाळी आम्ही तिघींनी कुमुदचा पलंग खालच्या खोलीत आणला. "मला इथं झोप लागणार नाही," असं ती शेवटपर्यंत म्हणत होती. "नको लागू दे, पण पडणार तरी नाहीस," मी म्हटलं. गाडीत बसल्यावर निशानं विचारलं, "विचारलास?" मी नाही म्हटलं. "मावशी, यू प्रॉमिस्ड." मग रस्त्यात एके ठिकाणी तिनं गाडी थांबवून मला चहा आणून दिला, कपावर झाकण लावून.

आता मी घरी आहे. रविवारी कुमुदचा फोन येतो. पुढच्या चित्राचं अजून ठरत नाही म्हणते. पडवीत भाजी निवडताना मध्येच माझा हात थांबतो आणि मी कोणाशी तरी काही तरी बोलायला तोंड उघडते. सून विचारते, "मावशी कधी येणार?" मी सांगते, तिला जुलैत काम असतं.

परवा सून म्हणाली, "जुलै एक महिन्याचा, आई. बाकीचे अकरा महिने काय?"

मी सुपातली पुढची जुडी सोडली आणि निवडायला लागले.